ताटाची डावी बाजू

न्यूरो वॉर्डात पहिली पोस्टिंग लागली तेव्हा माझ्या डोक्यात एकच पक्कं होतं: डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत. फिजिओला नव्याने आलेल्यांनो, हे वॉर्डाच्या दारातच सोडून या. 2013 साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर लोकांचे स्कॅन तपासले. 'डाव्या मेंदूची' नि 'उजव्या मेंदूची' अशी माणसांची काही जात निघाली नाही. काही कामं मात्र खरंच एका बाजूला झुकलेली असतात. ती कळतात अर्धांगवायूच्या पेशंटपाशी.

माझे पहिले काका उजवं अंग गेलेले. म्हणजे इजा डाव्या मेंदूला (मेंदूची एक बाजू अंगाची उलटी बाजू चालवते), आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांची भाषा तिथेच असते (फ्रेंच डॉक्टर ब्रोकाने 1861 साली मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली, व्हायव्हाला म्हणजे तोंडी परीक्षेला हमखास). "पाणी" म्हणता येईना. पण मी "एक, दोन" म्हटलं की दहापर्यंत धडाधड, आणि आरती तर सुरात! मी त्यांच्याशी ओरडून बोलायचे. ते बहिरे नव्हते. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, आणि थांबा.

फसवतो तो शेजारच्या खाटेवरचा बोलका पेशंट. तिथल्या आजींचं डावं अंग लुळं, तोंड अखंड चालू. "हात चांगला आहे माझा, घरी सोडा." मी फाइलमध्ये 'सहकार्य उत्तम' लिहून मोकळी झाले. त्यांची रोजची तक्रार एकच: सून चटणी-कोशिंबीर वाढत नाही. सून रडकुंडीला आलेली. एकदा तिने ताट नुसतं फिरवलं, तर आजी म्हणाल्या, "आज बरी आठवण झाली!" डोळे ठीक होते, उजव्या मेंदूला इजा झाली की डावीकडे लक्षच जात नाही. याला नेग्लेक्ट म्हणतात.

म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर आडवी रेघ मारून मध्य दाखवायला सांगा. खूण बरीच उजवीकडे पडली की सावध व्हा. व्हीलचेअरचा डावा ब्रेक स्वतः तपासा, तो लावायचा राहतोच. आणि आपलं अंग चालत नाही हेच मान्य नसल्याने ही माणसं बिनधास्त उठायला जातात. आजीही उठल्या. मी घाईत लुळाच दंड ओढला. खांदा निखळायचा थोडक्यात वाचला. कमरेला धरायचं असतं, हे मी सरांची बोलणी खाऊन शिकले.

मग ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली, आधी पट्टी शोधायची नि मग घास. आजींना ती सापडली त्या दिवशी कोशिंबिरीत मीठ कमी निघालं.