दहा नंबरचे दहा बोल्ट

माझी मोटरसायकल सुटी होऊन सात महिने चार खोक्यांत होती. त्यातले पहिले दोन महिने उत्साहाचे, शेवटचे दोन हट्टाचे, आणि मधले तीन मी त्या खोलीत जायचंच टाळत होते. तुम्ही आत्ता सीट आणि टाकी उतरवून बसला असाल आणि पुढे काय सोडायचं याचा विचार चालला असेल, तर पाना जरा खाली ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, पेट्रोल काढून टाकायचं, मॅन्युअल मिळवायचं, फोटो काढत राहायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. फोटोंबद्दल एवढंच सांगते की सुटा भाग हातात धरून काढलेला फोटो नंतर काही कामाचा नसतो. भाग जागेवर असताना, दोन बाजूंनी, वायर आणि केबल कुठून कुठे जाते ते दिसेल असा काढा. माझ्याकडे कार्ब्युरेटरचे तेवीस सुंदर फोटो होते आणि क्लचची केबल हेडलाइटच्या कुठल्या बाजूने जाते याचा एकही नव्हता.

जुन्या जपानी इंजिनांवरचे प्लस स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने सोडायला जाऊ नका. ते जेआयएस या जपानी मानकाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात नीट खाली बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि डोकं खाऊन टाकतं. जेआयएस बिट घ्या, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. जुन्या ब्रिटिश गाडीत दुखणं वेगळं. व्हिटवर्थ या जुन्या इंची मापाच्या बोल्टला मिलिमीटरचा पाना जवळजवळ बसतो, आणि त्या जवळजवळमध्येच कोपरे गोल होतात.

आता मी कुठे आपटले ते सांगते. हे लांबण लावून सांगणार आहे, कारण मला कुणी लांबण लावून सांगितलं नव्हतं.

क्लचच्या बाजूचं कव्हर. दहा बोल्ट, सगळे ६ मिलिमीटर जाडीचे, सगळ्यांना दहा नंबरचाच पाना. सोडले, एका डब्यात टाकले, रॉकेलमध्ये धुतले, ब्रशने आटे साफ केले आणि फडक्यावर ओळीने मांडले. ओळ इतकी देखणी दिसत होती की तिचाही फोटो काढला. लांबी सगळ्यांची सारखी नाही हे लक्षात आलं होतं. सहा आखूड, तीन ४० चे, एक ४५ चा. एवढं तर लावताना डोळ्यांना कळेलच, असं वाटलं.

नाही कळलं. ४५ चा बोल्ट ४० च्या भोकात गेला आणि ४० चा ४५ च्या.

४० च्या भोकाला तळाशी दोनेक मिलिमीटर जादा खोली होती. ४५ चा बोल्ट त्या तळाला जाऊन टेकला आणि त्याचं डोकं कव्हरपासून तीन मिलिमीटर वर राहिलं. तेही खालच्या मागच्या कोपऱ्यात, फूटरेस्टच्या आड, जिथे मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर आला की वाजणारा पाना, १० न्यूटन मीटरला लावला होता. तो ‘कट्’ असा वाजला. वाजणारच. बोल्ट फिरायला किती विरोध करतोय, एवढंच टॉर्क पान्याला कळतं. तो विरोध कव्हर दाबलं जातंय म्हणून आहे, की बोल्टचं टोक तळाला भिडलंय म्हणून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तळाला भिडलेला बोल्ट कव्हरला काडीचंही दाबत नाही. खाली पॅकिंग मोकळं, आणि पाना सांगतोय की झालं काम.

दुसऱ्या भोकात उलटा प्रकार. तिथे ४५ चा बोल्ट साधारण १२ मिलिमीटर आत धरतो. मी ५ मिलिमीटर आखूड बोल्ट घातला, म्हणजे पकड राहिली ७. या बोल्टचे आटे दर मिलिमीटरला एक, म्हणजे बारा आट्यांचा भार सातांवर. अॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट पकड असावी, ६ च्या बोल्टला ९ ते १२ मिलिमीटर. तरी सात आट्यांनी १० न्यूटन मीटर निभावून नेलं. इथेही पाना ‘कट्’ वाजला. दोन्ही चुका, आणि दोन्हींवर पान्याची सही.

इंजिन सुरू केलं आणि तेल गळायला लागलं. गळत होतं मोकळ्या कोपऱ्यातून, पण पुसून पुसून सगळं कव्हर ओलं झालेलं, आणि मला थेंब दिसायचा तो शेजारच्या आखूड बोल्टपाशी. मी तो आणखी थोडा आवळला. मग आणखी थोडा. मग हातातला पाना एकदम हलका झाला. बोल्ट फिरत राहतो पण घट्ट होत नाही, आणि बाहेर काढला की त्याच्या आट्यांभोवती अॅल्युमिनियमची बारीक चकचकीत तार गुंडाळलेली असते. आटे गेले.

म्हणून आता कव्हर काढायच्या आधी पुठ्ठा घेते. त्यावर कव्हरचा आकार काढायचा, वरची बाजू कुठली ते लिहायचं, आणि बोल्ट सुटला की तडक त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचायचा. वॉशर असेल तर वॉशरसकट. धुवायचे तर एकेक काढून धुवायचे आणि परत खोचायचे. कंटाळवाणं आहे, करा.

बसवताना सगळे बोल्ट आधी न फिरवता नुसते भोकांत सोडा. आटे लागायच्या आधी प्रत्येकाचं डोकं कव्हरपासून सारखंच वर उभं राहिलं पाहिजे, साधारण १० ते १२ मिलिमीटर. एखादं उंच किंवा बुटकं दिसलं की जागा चुकली. याला अर्धा मिनिट लागतो. माझे यात तीन आठवडे गेले. मग सगळे बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, आणि शेवटी समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. भोकात तेल किंवा रॉकेल साचलेलं नको. बंद भोकातल्या तेलाला जायला वाट नसते आणि ते दबतही नाही. बोल्ट आवळत गेलात तर केसिंगला, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला, चीर जाऊ शकते. आणि मॅन्युअलमधलं एकक बघा. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असतं. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, दहापट फरक आहे.

आटे गेले म्हणजे इंजिन गेलं, असं मात्र नाही. मी त्या रात्री तसंच समजून झोपले होते. एम६, म्हणजे ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ६.३ मिलिमीटरचं ड्रिल मारायचं, आटे दुरुस्तीच्या किटमधल्या टॅपने नवे आटे पाडायचे आणि स्टीलची कॉइल बसवायची. नीट सरळ बसली तर ती मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असते. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस चोपडा, कीस त्याला चिकटतो. क्रँक केसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळ भागाच्या, तोंडात फडकं कोंबा. आणि हात थरथरत असेल त्या दिवशी करू नका.

एक ओळखीचे मिस्त्री मला म्हणाले होते, टॉर्क पाना म्हणजे नवशिक्यांचं खेळणं, खरं काय ते हाताला कळतं. त्यांच्या हाताला कळतं हे खरंच आहे, मी पाहिलंय. पण किती आटे घालवल्यावर कळायला लागलं, असं विचारलं तर नुसते हसले. असा माणूस मिळाला तर त्याच्याजवळ बसा, बडबड न करता बघत राहा, पण त्याचा हात उसना मिळत नाही हे लक्षात ठेवा. व्हिडिओंवर माझा याहून कमी विश्वास आहे. बारा मिनिटांत इंजिन खाली येतं, कारण न सुटलेला बोल्ट कापून टाकलेला असतो, व्हिडिओतून.

आणि रंग आधी करू नका. सगळी गाडी एकदा कच्ची जोडा, प्रत्येक बोल्ट जागेवर बसतो का बघा, मग पुन्हा खोलून चेसिस रंगाला द्या. पावडर कोटिंग करणार असाल तर आटे, बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगचा बिंदू झाकायला सांगा. नाहीतर चकचकीत गाडीचं वायरिंग महिनाभर तपासत बसाल.

इंजिनाच्या आतलं भराभर सांगते. पिस्टन पिनचं लॉक काढायच्या आधी क्रँक केसचं तोंड बंद करा, ते उडतं आणि सरळ आत जातं. लॉक जुनं परत लावू नका. रिंगांवरची खूण वर. गिअरबॉक्समधले पातळ वॉशर तेलामुळे केसिंगला आतून चिकटून राहतात, ते हरवले असं समजून रडण्याआधी तिथे बोट फिरवा. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तिला हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पहिल्यांदा किक मारण्याआधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. फोर स्ट्रोक असेल तर क्रँकचे पूर्ण दोन फेरे, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. कुठे अडलं तर जोर लावू नका, उघडा.

नव्या रिंगा टाकल्या असतील तर तासाभराच्या चालवण्यानंतर तेल बदला. त्यात बारीक चकाकी दिसेल, घाबरू नका. बोटांत चुरडून कण टोचला तर मात्र तो कुठला आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या तेलातून एक निघाला, तिळाएवढा, कुरळा, अॅल्युमिनियमचा. आटे पाडतानाचा. टॅपला ग्रीस कमी पडलं होतं.