एलोक्वंट की लोक्वेशस? बोलण्याबद्दलचे जड इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखायचे

मी बार्शीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. एलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी, ग्रँडिलोक्वंट ही मंडळी एका प्रश्नात जमली की हुशार पोरंही चाचपडतात. याद्या घोकून काही होत नाही, सगळे शब्द कानाला सारखेच लागतात.

म्हणून आधी त्यांचं मूळ ओळखा. लॅटिनमध्ये ‘लोक्वी’ म्हणजे बोलणे; ‘लोक्यू’ हे त्याच क्रियापदाचं दुसरं रूप. मग फक्त आधी काय जोडलंय ते बघायचं. ‘सोलस’ म्हणजे एकटा, म्हणून सोलिलोक्वी हे नाटकातलं स्वगत. ‘व्हेंटर’ म्हणजे पोट. अर्धवटराव बोलतो तेव्हा रामदास पाध्यांचे ओठ हलत नाहीत, मग आवाज पोटातून येतो असंच वाटणार. म्हणून शब्दभ्रमकार हा व्हेंट्रिलोक्विस्ट. ‘सर्कम’ म्हणजे भोवती. “फाइल वर गेलीये, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा” हे सर्कमलोक्यूशन. डिकन्सने ‘लिटल डॉरिट’मध्ये एका सरकारी खात्याचं नावच सर्कमलोक्यूशन ऑफिस ठेवलंय.

‘इंटर’ म्हणजे मध्ये, आपसात. ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरसाठी तीन इंटरलोक्यूटर नेमले: आपले पुण्याचे दिलीप पाडगावकर, राधा कुमार आणि एम. एम. अन्सारी. त्यांचं काम तिथल्या लोकांशी बोलायचं होतं, निवाडा द्यायचं नव्हे. इंटरलोक्यूटर म्हणजे संवादातला माणूस. ‘लवाद’ हा पर्याय दिसला की खोडून टाका.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते एलोक्वंट आणि लोक्वेशसमध्ये. एलोक्वंटमधला ‘ए’ म्हणजे बाहेर: आतलं नेमकं बाहेर काढून ऐकणाऱ्यापर्यंत पोचवणारा. ही स्तुती आहे. लोक्वेशसच्या आधी काहीच नाही, नुसतं बोलणं. एसटीत बार्शीपासून सोलापूरपर्यंत थांबत नाही तो शेजारी लोक्वेशस. त्यात स्तुती नाही, पण शिवीही नाही. मला स्वतःला असे शेजारी आवडतात.

इलोक्यूशन आणि एलोक्वन्सचा गोंधळ मात्र आपल्या मराठीमुळे होतो, कारण दोन्हींना आपण ‘वक्तृत्व’च म्हणतो. शाळेतल्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर असतं ते इलोक्यूशन: उच्चार, आवाजाचा चढउतार, हातवारे. हे शिकवता येतं, त्याला गुण देता येतात. एलोक्वन्स म्हणजे भाषणाचा प्रभाव. भाषण सगळं पाठ, उच्चार चोख आणि समोरचे जांभया देतायत, तर इलोक्यूशन आहे, एलोक्वन्स नाही. उच्चारातही फरक ऐका: इलोक्यूशनमध्ये जोर ‘क्यू’वर, एलोक्वन्समध्ये पहिल्याच ‘ए’वर.

इलेक्ट्रोक्यूशन या घरातलं नाहीच. तो इलेक्ट्रो आणि एक्झिक्यूशन यांचा जोड आहे. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड दिला गेला, त्याच सुमाराला हा शब्द रूढ झाला. ‘इलेक्ट्रोक्यूशन स्पर्धेत प्रथम क्रमांक’ असं अर्जात लिहिणारी मुलं भेटतात, म्हणून सांगितलं.

तीन शब्दांशी ही युक्ती फारशी चालत नाही. कलोक्विअल म्हणजे रोजच्या बोलीतला आणि कलोक्विअम म्हणजे विद्यापीठातलं चर्चासत्र. दोन्हींत ‘एकत्र बोलणं’ आहे, पण एक कट्ट्यावरचं, दुसरं व्यासपीठावरचं. आणि ऑब्लोक्वी. त्यातला ‘ऑब’ म्हणजे विरुद्ध, पण तेवढ्यावर भागत नाही. चारचौघांत होणारी निंदा, नाचक्की असा अर्थ सरळ पाठच करा.

राहिला ग्रँडिलोक्वंट: भपकेबाज, शब्दबंबाळ. मॅग्निलोक्वंटचा अर्थही जवळपास तोच. समानार्थी शब्द विचारलाय आणि पर्यायांत हे दोन्ही दिसले, तर बहुतेक वेळा उत्तर उरलेल्या दोघांपैकी एक असतं. निबंधात मात्र दोन्ही वापरू नका, तपासणारा तुम्हालाच तसं म्हणेल.