इमर्जन्सीतली नाइट: पहाटे चारची तयारी आधीच करून ठेवा

इमर्जन्सी वॉर्डात नर्सची नाइट ड्युटी कधी जड जाते विचाराल तर सुरुवातीला नाहीच, अकरा-बाराला कितीही गर्दी असली तरी आपण पळत असतो आणि पळताना झोप आठवत पण नाही. खरा घोळ पहाटे तीन ते पाच. शरीराचं तापमान तेव्हा दिवसातलं सगळ्यात खाली असतं, हात गार पडतात आणि डोकं चालू आहे असं फक्त वाटतं. म्हणून माझी सगळी नाइट त्या दोन तासांच्या हिशोबाने चालते.

पहिल्या नाइटला सकाळी सहाला उठून दिवसभर घरकाम करून तसंच ड्युटीला जाऊ नका. सलग 17 तास जागं राहिलं की रिअॅक्शन टाइम रक्तात 0.05% अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, आणि पहाटे चारला तुमचे 22 तास झालेले असतात! दुपारी दीडेक तास झोपा, नाही लागली झोप तर अंधार करून नुसतं पडा. कॉफी घ्यायची तर पहिल्या अर्ध्या रात्रीत, कारण पाच-सहा तासांनी पण निम्मं कॅफिन अंगात असतंच आणि मग सकाळी छताकडे बघत बसावं लागतं.

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, काउंटरवर उभं राहून घेऊ नका, बेडपाशी जा. कॅन्युला, म्हणजे शिरेतली सुई-नळी, तिथे सूज नाहीये ना, औषध सोडणाऱ्या पंपाचा रेट डॉक्टरच्या ऑर्डरशी जुळतो का, बाटलीपासून हातापर्यंत लाइन बोटाने धरून बघा. मग क्रॅश कार्ट, म्हणजे पेशंट अचानक कोसळला तर लागणाऱ्या सामानाची ट्रॉली. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) टेस्ट करा, लॅरिंगोस्कोप (घशात बघून नळी घालायचं साधन) उघडून लाइट लागतो का बघा, सक्शन चालू करून नळीच्या तोंडाला बोट लावा, खेचतंय का कळतं. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा पण. आधीच्या शिफ्टने सही केलीये हे मला पुरत नाही, वाईट वाटलं कुणाला तर वाटू दे.

दोनपर्यंत डोक्याची कामं उरकून घ्या, म्हणजे ट्रॉली भरणं, राहिलेलं चार्टिंग, इन्फ्युजनचे (शिरेतून हळूहळू सोडायच्या औषधांचे) हिशोब. कारण तीननंतर काय होतं ते सांगते. एकदा चार वाजून गेले होते, डॉक्टरने चार युनिट इन्सुलिन लिहिलं होतं, पण पुढे युनिटचा नुसता इंग्रजी यू, तो मला शून्यासारखा दिसला. चाळीस भरले. शांतपणे, अजिबात शंका न येता. शेजारच्या सिस्टरने सहज विचारलं, किती भरलंस गं, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. चाळीस. तेव्हापासून इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम यातलं काहीही असलं की दुसऱ्या सिस्टरला ऑर्डर दाखवते, माझं उत्तर सांगत नाही, तिने तिचा हिशोब करायचा आणि मग दोघींचे आकडे जुळवायचे. आधीच आकडा सांगितला तर समोरची पण झोपेत मान हलवते, तिचे पण चारच वाजलेले असतात ना.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. रात्रीच्या चार्टवर सगळ्यांचा रेट 18 कसा काय असतो हे एक गूढच आहे, आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिला तोच बदलतो. 'दारू प्यायलाय, झोपू दे' असा पेशंट असला तर शुगर बघा, हलवून उठतो का बघा, डोक्याला मार आहे का केसात हात घालून बघा, आणि हे परत परत करा, एकदा बघितलं म्हणजे झालं असं नाही.

ब्रेक मिळाला तर 20 मिनिटंच झोपा, अलार्म लावून. तास-तासभर झोपलं की उठल्यावर माणूस भलत्याच जगात असतो, आणि कमी झोपलात तरी उठल्या उठल्या थेट औषधं भरायला घेऊ नका, तोंड धुवा, एक चक्कर मारा.

सकाळी गाडी स्वतः चालवत घरी जायचं असेल आणि डोळे मिटत असतील तर निघूच नका, तिथेच थोडं झोपा किंवा कुणाला तरी घ्यायला बोलवा. वाटेत गॉगल लावा, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीराला दिवस उजाडला असं वाटतं. घरी जाड पडदे, खोली गार, फोन सायलेंट. शेवटच्या नाइटनंतर मात्र दिवसभर झोपू नका, दोनेक तास पुरे, चिडचिड होते पण रात्री वेळेवर डोळा लागतो. आणि त्या दिवशी घरच्यांशी कुठलाही महत्त्वाचा विषय काढू नका.