स्कीच्या शर्यतीत ‘स्टार्ट’ हरवतो तेव्हा : वेळमापन यंत्रणेतील दोष कसा शोधावा

स्कीची शर्यत गुलमर्गला होत असली, तरी वेळमापन यंत्रणेतील निम्मे दोष मुंबईतल्या घराच्या माळ्यावरच जन्म घेतात, हे मी अनेक हिवाळ्यांच्या अनुभवावरून सांगतो. पावसाळ्यातील दमट हवेने पितळी प्लगांवर हिरवट थर चढतो, आणि तो कळतो थेट फेब्रुवारीत, बर्फावर उभे असताना. म्हणून तपासणीला घरूनच सुरुवात करावी.

यंत्रणा तशी साधी आहे. स्कीपटूच्या नडगीने स्टार्टची दांडी ढकलली गेली की स्विच जुळतो आणि त्याचा संकेत दोन तारांच्या केबलमधून खाली टायमरपर्यंत पोहोचतो. अंतिम रेषेवर फोटोसेलचा किरण तुटला की दुसरा संकेत मिळतो. फोटोसेलची भिंग व परावर्तक पुसावा, तिपाई घट्ट रोवावी आणि किरण जुळल्याची खात्री करावी, एवढे पुरते. अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, म्हणून लिथियमचे सेल घ्यावेत.

खरी डोकेदुखी म्हणजे अधूनमधून हरवणारा स्टार्ट. दहा स्पर्धकांची वेळ नीट उमटते, अकराव्याची उमटत नाही, आणि कधी कोणी दांडीजवळ नसतानाही टायमरच्या कागदी पट्टीवर आकडा छापला जातो. अशा वेळी भोवतालचा प्रत्येक जण “सेल बदला” असे सांगतो. मीही एका सकाळी तीनदा सेल बदलले, टायमरला हातमोज्यात गुंडाळून ऊब दिली आणि शेवटी तो उघडण्यासाठी स्क्रूड्रायव्हर काढला. दोष मात्र वरून दुसऱ्या जोडावरील एका प्लगमध्ये होता. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या त्या प्लगचे प्लास्टिक मागे सरकवल्यावर आतील तार कळकून हिरवी पडलेली आणि दोनच केसांवर लोंबकळत असलेली दिसली. तेव्हापासून डोंगरावर टायमर उघडायचा नाही, हा माझा नियम आहे. संशय आधी जोडांवर घ्यावा, मग केबलवर, मग दांडीच्या स्विचवर, आणि टायमरवर सर्वांत शेवटी.

तपासणी या क्रमाने करावी. केबल वर दांडीपासून आणि खाली टायमरपासूनही सोडवावी, कारण टायमर जोडलेला राहिला तर त्याचाच विद्युतदाब रोध मोजणाऱ्या मीटरला (मल्टिमीटरला) फसवतो. दोन तारांमधील रोध मोजावा. वरची टोके मोकळी असताना मीटरने अनंत रोध दाखवला पाहिजे. काही किलोओहम दिसले, तर कुठल्या तरी जोडात पाणी शिरले आहे आणि नको असलेले आकडे तिथूनच येत आहेत. मग वरच्या सहकाऱ्याला दोन्ही टोके एकमेकांना जोडायला सांगावे. ०.५ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेची एक किलोमीटर लांब केबल असेल, तर जाऊन-येऊन सुमारे ७० ओहम यायला हवेत. आकडा बराच जास्त आला किंवा हलत राहिला, तर जोड सैल आहे. मधल्या जोडावर केबल सोडवून कोणत्या अर्ध्या भागात दोष आहे ते पाहावे, आणि त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत.

इथे एक सावधगिरी बाळगावी. मीटरवर आकडा स्थिर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. क्षणभर तुटणारा जोड मीटरला दिसतच नाही. त्यासाठी केबल पुन्हा टायमरला जोडावी, वरची टोके मोकळी ठेवावीत आणि प्रत्येक जोड वाकवून, हलवून पाहताना छापील पट्टीवर नजर ठेवावी. नंतर वरची टोके एकत्र धरून हेच पुन्हा करावे, म्हणजे तुटणारा जोडही सापडतो. जोडावर चिकटपट्टी गुंडाळण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही: थंडीत तिचा चिकटपणा जातो आणि शिरलेले पाणी आतच अडकते. सोल्डर करून उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. दोन्ही वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. तयार जोड पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या शेजारी, रात्रभर ठेवावेत आणि सकाळी गारठलेलेच वाकवून पाहावेत.

थंड टायमर उबदार खोलीत आणण्यापूर्वी पिशवीत बंद करावा, नाहीतर एसी लोकलमधून दादरला उतरताना चष्म्यावर धुके धरते तसे त्याच्या आत पाणी धरते.

दोष शर्यत चालू असताना उद्भवला, तर मुख्य (अ) यंत्रणेऐवजी तिच्या जोडीला चालणाऱ्या स्वतंत्र राखीव (ब) यंत्रणेची संपूर्ण वेळ घ्यावी. अ-चा स्टार्ट आणि ब-चा फिनिश जोडून वेळ काढणे आंतरराष्ट्रीय नियमांना मान्य नाही. दोन्ही यंत्रणा चुकल्या, तर हातघड्याळाची वेळ आधीच्या १० स्पर्धकांच्या हातघड्याळ व यंत्र यांतील सरासरी फरकाने दुरुस्त करावी लागते. म्हणून हातघड्याळवाल्याला पहिल्या स्पर्धकापासून उभे करावे.

परतल्यावर केबल दोन दिवस पंख्याखाली सुकवावी, प्लग ब्रशने साफ करावेत आणि जूनपूर्वी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत.