ट्रेकहून परतल्यावर गाडीच सापडेना? या चुका टाळा

दिवसभराची पायपीट झालेली असते, बाटलीत घोटभर पाणी उरलेलं असतं आणि उजेड जायला जेमतेम पाऊण तास बाकी असतो. झाडी संपून एकदाचा डांबरी रस्ता लागतो, सगळ्यांना हायसं वाटतं. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "गाडी कुठाय?" रस्ता रिकामा. डावीकडे एक वळण, उजवीकडे एक वळण, दोन्ही सारखीच दिसतात.

बरीच वर्षं मी छोट्या गटांबरोबर डोंगरात जाते. या प्रसंगात मी स्वतः सापडले आहे आणि इतरांनाही सापडलेलं पाहिलं आहे. मागे जाऊन बघितलं की बहुतेक वेळा चूक सकाळचीच निघते. गाडी लावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळे बुटांच्या नाड्या आवळण्यात आणि सॅक भरण्यात गुंतलेले असतात. मन केव्हाच डोंगरात पोचलेलं असतं, म्हणून जागा डोळ्यांखालून जाते पण लक्षात राहत नाही.

गाडीत बसल्या बसल्या पिन टाकणं

फोनमध्ये गाडीची जागा साठवता येते हे आता सगळ्यांना माहीत आहे. गुगल मॅप्समध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट टेकवलं की पार्किंग साठवायचा पर्याय येतो. सोय चांगली आहे, पण मी तिच्यामुळेच एकदा फसले. फोन नुकताच एरोप्लेन मोडमधून बाहेर काढला होता, मी सीटवरच बसले होते, दोन्ही बाजूंना उंच कडे होते. ठिपका दिसला, पिन टाकली आणि निघाले. संध्याकाळी आम्ही पिनवर अगदी अचूक पोचलो, तर तिथे काटेरी झुडपं आणि खाली खोल ओढा. गाडी ओढ्यापलीकडे, सुमारे ३०० मीटरवर उभी होती. अंतर काहीच नव्हतं, पण ओढ्यात उतरायला वाट नव्हती आणि वळसा घालण्यात पाऊण तास गेला. तोवर पूर्ण अंधार पडला होता.

सकाळी त्या ठिपक्याभोवती फिकट निळं मोठं वर्तुळ होतं. "तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात, नक्की कुठे ते अजून कळलेलं नाही," असं फोन मला सांगत होता. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. दाट झाडीत किंवा कड्याखाली उपग्रहांचे संदेश अडतात, खडकावर आपटून उशिरा पोचतात आणि ठिपका सरकतो. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, हे खरं. पण उपग्रह कुठे आहेत हे पटकन कळायला फोन एरवी नेटवर्कची मदत घेतो. ती नसली की पहिल्यांदा जागा पक्की व्हायला काही मिनिटं लागू शकतात.

म्हणून गाडीतून उतरा, मोकळ्यावर उभे राहा आणि वर्तुळ आक्रसेपर्यंत थांबा. मग वीसेक पावलं चाला. ठिपका तुमच्याबरोबर नीट सरकला, तर गाडीपाशी परत येऊन पिन टाका.

अक्षांश-रेखांश कागदावरही लिहून ठेवा, कारण कागदाची बॅटरी संपत नाही. लिहिताना पद्धत मात्र एकच धरा. २० अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात २०.५. कुणी ते २०.३० असं वाचलं आणि तो अक्षांश असला, तर जागा जवळजवळ २२ किलोमीटर सरकते. दशांशात लिहिणार असाल तर पूर्णांकानंतर किमान चार अंक हवेत. तेवढ्याने सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. तीनच लिहिले तर तो ११० मीटरवर जातो.

पिन एकाच फोनमध्ये, किल्ली एकाच खिशात

गाडी चालवणाऱ्याने पिन टाकली म्हणून बाकीचे निर्धास्त होतात. आणि दिवसभर फोटो काढून नेमका त्याचाच फोन बंद पडतो. निघण्याआधी लोकेशन सगळ्यांच्या फोनमध्ये असायला हवं आणि त्या भागाचा नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घेतलेला हवा. ब्लूटूथ तुटला की काही फोन गाडीची जागा आपोआप नोंदवतात, त्यावर विसंबू नका. दुसऱ्याच्या गाडीतून आलात तर तुमच्या फोनला काहीच ठाऊक नसतं. आणि पुढे गेलेल्याच्या खिशात किल्ली राहिली, तर गाडी सापडूनही उपयोग नाही.

हलणाऱ्या गोष्टींची खूण धरणं

"त्या पांढऱ्या जीपच्या शेजारी" ही खूण संध्याकाळपर्यंत निघून गेलेली असते. हलणार नाही अशीच खूण धरा: पूल, विजेचा खांब आणि त्यावरचा क्रमांक, रस्त्याकडेचा अंतराचा दगड. तीन फोटो काढा. पहिला गाडीपाशी उभं राहून पायवाटेच्या दिशेने. दुसरा पायवाटेवर पन्नास पावलं जाऊन, मागे वळून गाडीकडे. तिसरा पहिल्या फाट्यावर, पुन्हा मागे वळून. शेवटचे दोन सर्वांत मोलाचे, कारण परतताना तुम्हाला तेच दृश्य दिसणार असतं. जाताना पाहिलेली वाट आणि येताना दिसणारी वाट या दोन वेगळ्या वाटा असतात. जाताना जो फाटा जाणवलाही नाही, तोच येताना समोर दोन वाटा होऊन उभा राहतो.

उतरताना भलतीच सोंड धरणं

माझ्या मते गाडी हरवण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही. डोंगराच्या सोंडा, म्हणजे माथ्यावरून खाली उतरत गेलेल्या धारा, माथ्यावर एकत्र येतात. चढताना कुठलीही धरा, शेवटी माथाच गाठता. उतरताना त्याच सोंडा पंख्यासारख्या फाकतात. माथ्यावर चुकलेली वीस पावलं तळाशी दोन किलोमीटरची होतात आणि मध्ये एक दरी येते. शिवाय दोन्ही सोंडा वरून सारख्याच दिसतात, त्यामुळे निम्मं उतरेपर्यंत शंकाही येत नाही.

माथ्यावर पोचलात की बसायच्या आधी एक काम करा. आलात त्या वाटेकडे तोंड करून होकायंत्राचा आकडा टिपून घ्या. विश्रांतीनंतर चारही बाजू सारख्या वाटायला लागतात. फोनचं होकायंत्र वापरणार असाल तर चुंबक असलेलं कव्हर काढा आणि गाडीच्या पत्र्यापासून दूर उभे राहा.

"मी सरळच चाललोय" या भावनेवरही विसंबू नका. जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत ती बरीचशी सरळ गेली. तो दिसेनासा झाल्यावर गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

अगदी गाडीवरच नेम धरणं

गाडी आडव्या रस्त्यावर लावलेली आहे आणि वाट सोडून मोकळ्या माळावरून तिकडे यायचं आहे, असं समजा. गाडीवरच नेम धरून निघालात तर थोडंफार इकडेतिकडे होणारच, आणि रस्त्यावर पोचल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे, हे कळणार नाही. म्हणून मुद्दाम एका बाजूला निघा, समजा दहा अंश डावीकडे. दोन किलोमीटरला तो फरक साधारण ३५० मीटरचा पडतो. रस्ता लागला की उजवीकडे वळायचं, विचार करावा लागत नाही. जुने जाणते ट्रेकर हे सहज करतात आणि नवख्यांना सांगायचं विसरतात.

आणि तरीही सापडत नसेल तर

आधी बसा. पाणी प्या, सकाळचे फोटो उघडा. फोन एरोप्लेन मोडवर टाका. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतो आणि बॅटरी वाचते. नकाशा कोरा दिसला तरी ठिपका आणि पिन दिसत असतील, तर दिशा आणि अंतर कळतंच.

"तू इकडे बघ, मी तिकडे बघतो" असं म्हणून एकेकटे पांगू नका. गाडी सापडते आणि माणूस हरवतो, असं होताना मी पाहिलं आहे. रस्त्यावर जिथे बाहेर पडलात तिथे ठळक खूण करा, एका दिशेला सगळे मिळून पंधरा मिनिटं चाला, नाही सापडली तर खुणेपाशी परत येऊन दुसरी दिशा धरा. रिमोट किल्लीचा पल्ला सहसा शंभर मीटरच्याही आतच असतो. उंचवट्यावर उभं राहून, हात वर करून दाबा आणि शांतपणे कानोसा घ्या.

अंधार पडला असेल तर टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरा. गाडीचे लाल रिफ्लेक्टर उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, त्यामुळे कमरेजवळ धरलेल्या टॉर्चला ते लांबून तितके चमकत नाहीत, कपाळावरच्या हेडलॅम्पला मात्र चमकतात.

जागा हीच, हे फोटोवरून पक्कं झालं आणि गाडी नाही, तर ती उचलून नेल्याची किंवा चोरीची शक्यता धरून पोलिसांना फोन करा. जागाच कळत नसेल, अंधार असेल आणि कुणी थकलेलं असेल, तर शोध थांबवा. अंगावर असतील नसतील ते कपडे चढवा, रस्त्याकडेला दिसेल अशा जागी एकत्र बसा आणि आपत्कालीन क्रमांक लावा. निघताना घरी कुणाला तरी गाडीची जागा आणि परतायची वेळ कळवली असेल, तर मदत नेमक्या जागी येते.

गाडी सापडली की निघायची घाई होते. दोन मिनिटं थांबून चुकलेली पिन दुरुस्त करा आणि नवी गटात पाठवा. तुमच्या मागून येणारे अजून वर असतील, तर जुनीच पिन बघत ते ओढ्याकाठी येऊन उभे राहतील.