मेंदूच्या सिंगल-सेल डेटासाठी निधी मागताय? या चुका टाळा

सिंगल-सेल डेटा म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुकं किती सक्रिय आहेत, याची मोजणी. त्यासाठी निधी मागणारे प्रस्ताव वाचून वाचून एक गोष्ट पाठ झाली आहे. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जनुकीय क्रम वाचण्याचा, खर्च पै न पै मांडलेला असतो आणि शेवटी एक वाक्य : ‘डेटा सर्वांना उपलब्ध करून दिला जाईल.’ कोण देणार, कधी, कोणाच्या पगारावर? कर्मणी प्रयोग वापरला की काम आपोआप होतं, असा समज असावा.

क्युरेटरचा, म्हणजे डेटा तपासून, नीट लावून ठेवणाऱ्या माणसाचा, पगार न मागणं, ही पहिली चूक. बाकीच्या निम्म्या हिच्याच पोटातून निघतात. एकदा एका गटाकडून आम्ही डेटा मागवला. मृत्यूनंतर दान केलेले मेंदू, गोठवलेल्या ऊतींतून काढलेली पेशींची केंद्रकं, प्रयोग उत्तम. फाइल आली ती नॉर्मलाइझ केलेल्या, म्हणजे तुलनेसाठी एका मापात आणलेल्या, आकड्यांची, तीही निवडक २,००० जनुकांपुरती. मूळ काउंट्स, म्हणजे प्रक्रिया न केलेली मोजणी, मागितले, तर ते काम करणारा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) नोकरी सोडून गेलेला आणि त्याची हार्ड डिस्क कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. खरी गंमत पुढेच होती. मेंदूच्या दोन भागांचे नमुने होते : हिप्पोकॅम्पसच्या नमुन्यांना एका पद्धतीचे क्रमांक, कॉर्टेक्सच्या नमुन्यांना दुसऱ्या. आम्ही चौदा दाते धरून तुलना केली. तीन आठवड्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की वयं आणि मृत्यूनंतर गेलेले तास जोडीजोडीने तंतोतंत जुळताहेत. माणसं सातच होती! सगळी आकडेमोड केराच्या टोपलीत.

पेशी कितीही असोत, आजाराची तुलना करताना मोजायचे असतात दाते. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रौढ मेंदूच्या नकाशात ३० लाखांहून जास्त केंद्रकं होती, पण ती मुख्यतः तीन दात्यांची. म्हणून माझी सवय अशी : नमुना फ्रीझरबाहेर निघण्याआधी दात्यांचा तक्ता तयार हवा आणि एका माणसाला एकच क्रमांक, कायमचा. ‘नंतर भरू’ म्हणणाऱ्यांचे रिकामे रकाने मी भरपूर पाहिले आहेत. आणि निदान अर्धवेळ क्युरेटर मागाच. तो पैसा वाचवून आणखी एक सिक्वेन्सिंग रन बसवणं ही काटकसर नव्हे.

मुदतीनंतरचा खर्च विसरू नका. अमेरिकेच्या एनआयएचचं (वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) डेटा-वाटपाचं धोरण २५ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. त्यात डेटा जपण्याचा खर्च मागता येतो, पण दहा वर्षांचं शुल्क असलं तरी ते प्रकल्पाची मुदत संपण्याआधीच भरावं लागतं.

स्वतःच्या पोर्टलसाठी पैसे मागू नका. अनुदान संपतं, सर्व्हर बंद पडतो आणि शोधनिबंधात मेलेली लिंक उरते. असा डेटा ठेवणारे सामाईक संग्रह आहेत : नेमो आर्काइव्ह आहे, सेलबायजीन आहे, तिथे द्या. तिथले नियम जाचक वाटतात, कारण ते मूळ काउंट्स आणि दात्याचा क्रमांक मागतात. मागायलाच हवेत.

संमतिपत्रात डेटा-वाटपाचा उल्लेख आधीच असू द्या. दाता हयात नसताना विचारणार कोणाला? कच्चे रीड्स, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून थेट आलेले क्रमाचे तुकडे, ओळख उघड करू शकतात, त्यामुळे ते सहसा नियंत्रित प्रवेशाखाली जातात, म्हणजे अर्ज करून परवानगी मिळाली तरच पाहता येतात. त्या अर्जांच्या कामालाही माणूस लागतो.

सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. केंद्रकांत इंट्रॉनचे (जनुकातला, पुढे कापून टाकला जाणारा भाग) रीड्स भरपूर असतात; रीड्सवरून मोजणी करणाऱ्या सेल रेंजर या सॉफ्टवेअरच्या ७ व्या आवृत्तीपासून ते आपोआप मोजले जातात, आधी तसं वेगळं सांगावं लागे. दोन्हींचे आकडे एकत्र केलेत तर आवृत्तीतला फरक आजारातला फरक म्हणून मिरवेल.

आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. ‘सेप्ट२’ या जनुकाच्या नावाची तिथे तारीख होते, म्हणून तर २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. जुन्या फाइलींत जुनी नावं तशीच आहेत. एन्सेम्बल आयडी (एन्सेम्बल या डेटाबेसने जनुकाला दिलेला क्रमांक) ठेवा, नाव शेजारच्या रकान्यात.