संसदेच्या जुन्या कामकाजात ‘पुणे’ सापडत नसेल तर

संसदेच्या डिजिटल लायब्ररीत पानशेतच्या पुराबद्दल शोधताना आपल्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने हाती काहीच लागेना. कारण साधं: १९७८च्या आधीच्या कागदांत शहर ‘पूना’ आहे.

१. जुन्या वर्षांसाठी पी-डबल ओ-एन-ए टाका. खडकवासल्याचंही स्पेलिंग बदलून पाहा; जुन्या कागदांत ते कसंही लिहिलंय.
२. तरीही नाही? शब्द सोडा, तारीख धरा. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला, म्हणजे त्यानंतरच्या अधिवेशनापासून दिवसवार चाळा.
३. आकडे हवे असतील तर भाषणांपेक्षा अतारांकित प्रश्न बघा. उत्तर लेखी असतं, तक्ते बहुधा तिथेच मिळतात.

जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे कॉपी केलेला आकडा मूळ पानाशी ताडून घ्या.